केमिकल कारखान्यांची ‘शेजारसेवा’: कुठली खिडकी उघडी, कुठली नुसती रंगवलेली

पुणे जिल्ह्यात केमिकल कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्यांचं शेत, घर किंवा शाळा आहे, त्यांना कंपनीकडून कायद्यानंच काही गोष्टी मिळायच्या असतात. फाटकावरचा फलक, सहा महिन्यांचा अहवाल, तक्रारीची पोच, अपघात झाला तर काय करायचं याचं पत्रक. बिल येत नाही म्हणून याला कुणी सेवा म्हणत नाही, पण आहे ती सेवाच. कुरकुंभच्या केमिकल झोनपासून मुळशीतल्या सुट्या कारखान्यांपर्यंत ही सेवा घेणारे हजारो लोक आहेत. मग तिलाही गुण द्यायला काय हरकत आहे?

परीक्षणाची पद्धत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कंपनी एका टेबलावर काय म्हणते ते बघून काहीच कळत नाही. तिनं दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांना दिलेले दोन कागद शेजारी ठेवायचे आणि आकडे जुळतात का ते पाहायचं. गुळगुळीत कागदावरच्या हसऱ्या मुलांच्या फोटोंना शून्य गुण. तारीख, एकक आणि सही असलेल्या कळकट कागदाला पूर्ण गुण.

फाटकावरचा फलक

घातक कचऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली दिलेल्या आदेशापासून हा फलक आला. कारखान्यात कुठली घातक रसायनं आहेत, सांडपाणी किती, हवेत काय जातं, घातक कचरा किती तयार होतो, हे मुख्य फाटकाबाहेर, रस्त्यावरून वाचता येईल असं लिहायचं. फलक जवळपास सगळीकडे दिसतो. अडचण आहे ती तारखेच्या रकान्यात. पावसानं पुसलेले आकडे, दोन वर्षांपूर्वीची तारीख, किंवा तारीखच नाही. काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक पाटी असते आणि तिच्यावर सांडपाण्याचे पीएच (आम्लता), सीओडी (रासायनिक घाण), टीएसएस (तरंगता गाळ) पळत असतात. तिथं एक सोपी खूण लक्षात ठेवावी. खऱ्या सांडपाण्याचा आकडा तासातासाला थोडा हलतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सीओडी दशांशासकट एकच असेल, तर सेन्सर बंद आहे, अडकला आहे, नाहीतर त्याची नळी भलत्याच पाण्यात सोडली आहे. फोटो वेळेसकट काढून ठेवा, पुढे कामाला येतो. पाचपैकी दोन.

संमतीपत्र

मंडळी याला कन्सेंट म्हणतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हे देतं, १९७४ च्या जल कायद्याखाली आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली. शेजाऱ्याच्या हाती लागू शकणारा सगळ्यात दणकट कागद हाच. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतीपत्रं सापडतात. नाही सापडलं तर माहिती अधिकार आहेच. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करायचा. ३० दिवसांत उत्तर आणि प्रतीला पानामागे दोन रुपये. कंपनी खासगी असल्यानं तिच्याकडे थेट माहिती मागता येत नाही, पण तिनं मंडळाला दिलेला कागद मंडळाकडे मागता येतो. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला तर बिचकू नका. सांडपाणी किती आणि कुठं जातं, हे कुणाचं गुपित नसतं. जल कायद्याच्या कलम २५ नुसार संमतीच्या अटींची नोंदवही संबंधित माणसाला पाहण्यासाठी खुली ठेवायची असते. ही तरतूद टेबलापलीकडच्या बाबूला सहसा ठाऊक नसते, म्हणून कलम क्रमांकासकट अर्जात लिहावी.

हातात आल्यावर चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. मुदत कधी संपते. उत्पादनांची यादी आणि महिन्याला किती टन. पाणी किती घेणार आणि किती सोडणार. शेवटी बँक गॅरंटीचा, म्हणजे अट मोडली तर मंडळ जप्त करतं त्या हमीच्या रकमेचा तक्ता. हा तक्ता लोक वाचतच नाहीत, आणि नेमकं तिथंच कळतं की मंडळाला कंपनीच्या कुठल्या यंत्रणेवर भरवसा नाही. ‘स्क्रबर (बाहेर जाणारे वायू धुणारं यंत्र) सुधारण्यासाठी पाच लाख’ असं लिहिलेलं दिसलं, तर वास कुठून येतो हे मंडळालाही माहीत आहे असं समजायला हरकत नाही. जप्त झालेली गॅरंटी म्हणजे तर चूक कागदावर सापडली आहे.

उत्पादनांच्या यादीबद्दल थोडं जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एका कारखान्यातून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला. कारखान्यात प्रत्यक्षात काय शिजतं आणि यादीत काय लिहिलंय यात किती अंतर पडू शकतं, ते सगळ्या जिल्ह्यानं तेव्हा पाहिलं. हे टोकाचं उदाहरण झालं. रोजचा प्रकार साधा असतो: संमती एका मध्यवर्ती रसायनाची (म्हणजे दुसरं काही बनवायला लागणाऱ्या) आणि भट्टीत दुसरंच, कारण बाजारात त्याला भाव आला. दुसऱ्याचं सांडपाणी वेगळं, विद्रावक (सॉल्व्हंट) वेगळा, आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, मात्र पहिल्यासाठी बांधलेली. मग तिच्यातले घाण खाणारे जिवाणू मरतात, टाकीत फेस येतो आणि आठवडाभर गावाला कुजक्या कोबीसारखा वास.

या सेवेला पाचपैकी चार. एक गुण कापला तो इंग्रजीसाठी. महाराष्ट्राचं मंडळ, महाराष्ट्रातला कारखाना, वाचणारा शेतकरी, आणि कागद सगळा इंग्रजीत.

सहामाही अहवाल, फॉर्म ५, फॉर्म ४: इथंच खरी गंमत

ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, त्याला १ जून आणि १ डिसेंबर अशा दोन तारखांना अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तो केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर दिसायला हवा. मंडळाला दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरण जातं, तो फॉर्म ५. घातक कचऱ्याचा वार्षिक हिशेब ३० जूनपर्यंत, तो फॉर्म ४.

सहामाही अहवाल एकटा वाचला तर झोप येते. डावीकडे अट, उजवीकडे ‘पालन केले’. हरितपट्टा ३३ टक्के? पालन केले. पावसाचं पाणी वेगळं? पालन केले. ‘नोंद घेतली’ हे तर खास उत्तर. अट होती ‘करा’, उत्तर आलं ‘वाचलं’. अशी ‘नोंद घेतली’ किती वेळा आली ते मोजा. पन्नासेक अटींत दहापेक्षा जास्त असेल, तर अहवाल सल्लागारानं ऑफिसात बसून भरलेला असण्याची शक्यता दाट.

आता हे तिन्ही कागद शेजारी ठेवा. कंपनी म्हणते आमचा झेडएलडी आहे, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर जात नाही. समजा तीव्र सांडपाणी दिवसाला ३५ घनमीटर आहे आणि त्यात विरघळलेले क्षार लिटरला ४० ग्रॅम. हे पाणी एमईईत, म्हणजे टप्प्याटप्प्यानं आटवणाऱ्या बाष्पकात जातं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. ३५ घनमीटर म्हणजे ३५,००० लिटर, गुणिले ४० ग्रॅम, म्हणजे रोजचं १,४०० किलो मीठ. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४२० टन, आणि ओलावा धरून त्याहून जास्त. हे मीठ घातक कचऱ्याच्या यादीत ३७.३ या क्रमांकाखाली येतं आणि पुणे परिसरातून ते सहसा रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राकडे जातं. दहा टनी ट्रकच्या किमान ४२ खेपा झाल्या. आता फॉर्म ४ उघडा. तिथं ३७.३ समोर ७० टन लिहिलं असेल तर उरलेलं साडेतीनशे टन मीठ गेलं कुठं? ते कुठल्या तरी ओढ्यात, बोअरमध्ये नाहीतर रात्रीच्या टँकरमध्ये गेलं असेल. किंवा सांडपाण्याचा आकडाच खोटा असेल. तिसरी शक्यता एवढीच की कंपनी ते मीठ वेगळं काढून विकते. तसं असेल तर त्याची परवानगी आणि विक्रीची बिलं दाखवावी लागतील.

हाच हिशेब इंधनाकडूनही करता येतो. तीन टप्प्यांच्या बाष्पकाला एक टन पाणी आटवायला साधारण ०.४ टन वाफ लागते. ३५ टनांना १४ टन. देशी कोळशाच्या किलोमागे पाच किलो वाफ धरली तर रोजचा २.८ टन कोळसा फक्त या कामाला. संमतीपत्रात बॉयलरचं इंधन लिहिलेलं असतं. प्रक्रियेला लागणारी वाफ वजा केल्यावर बाष्पकाच्या वाट्याला काही उरतच नसेल, तर एमईई पाहुणे आल्यावर चालू होणारं यंत्र आहे.

टँकरचं म्हणाल तर घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचा कागद असतो, तो फॉर्म १०. त्याच्या सात रंगी प्रती निघतात आणि पाठवणारा, वाहतूकदार, घेणारा, मंडळ अशा वेगवेगळ्या हातांत जातात. पाठवलेलं वजन आणि पोचलेलं वजन यांत फरक असेल तर तो इथं दिसतो. कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तेव्हा वर्षभरात एकच मोठी खेप दिसली तर तीही शंकेची जागा.

मर्यादेत बसणाऱ्या सांडपाण्याच्या आकड्यांबाबत एक इशारा. जमिनीवरच्या प्रवाहात सोडायचं पाणी बीओडी (जिवाणूंना खाता येणारी घाण) ३०, सीओडी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवं, पीएच ५.५ ते ९. अहवालात बीओडी २८, सीओडी २३० असे आकडे सहा महिने ओळीनं दिसले की समाधान मानू नका. कूलिंग टॉवरचं पाणी मिसळून कुठलंही सांडपाणी मर्यादेत बसवता येतं. तीव्रतेला प्रवाहानं गुणून रोजचा एकूण भार किलोत काढा. पातळ केल्यानं तीव्रता उतरते, किलो उतरत नाहीत. मंडळ ९६ तासांची माशांची चाचणीही मागू शकतं: निव्वळ सांडपाण्यात ९० टक्के मासे जगले पाहिजेत. हा निकाल अहवालात जोडलेला असेल तर कंपनीबद्दल थोडं बरं मत करायला हरकत नाही.

या तिन्ही कागदांना मिळून साडेचार. हिशेब आपला आपण करावा लागतो, पण कच्चा माल अस्सल आहे.

बीआरएसआर: शोभेचं दुकान, पण मागच्या कपाटात माल आहे

सेबीनं २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना हा अहवाल, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केला. त्यात नऊ तत्त्वं आहेत. चौथं हितसंबंधीयांबद्दल, सहावं पर्यावरणाबद्दल, आठवं समाजाबद्दल. कंपनीच्या वार्षिक अहवालात तो जोडलेला असतो. फुकट, पीडीएफमध्ये.

आधी दोष. हा अहवाल अख्ख्या कंपनीचा असतो. पाच कारखाने असलेल्या कंपनीचं पाणी एका आकड्यात बेरीज होऊन येतं, त्यातून आपल्या ओढ्याशेजारचा कारखाना वेगळा काढता येत नाही. कितीतरी केमिकल कंपन्यांचं मुख्य कार्यालय पुण्यात आणि धूर रायगडात, तेव्हा हा दोष लहान नाही. दुसरं, जे कारखाने लहान आणि खासगी आहेत ते या चाळणीत येतच नाहीत. ७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथं पाणी शुद्ध करण्याची क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि किमान १७ कामगार गेले, त्यात बहुतांश महिला. तसल्या कारखान्याच्या शेजाऱ्यासाठी बीआरएसआर असून नसून सारखाच.

आता मागचं कपाट. सुरुवातीच्या सर्वसाधारण भागातच तक्रारींचा एक तक्ता आहे: कुणी केल्या, वर्षात किती, वर्षअखेर किती बाकी. पहिलीच ओळ ‘समुदाय’. तिथं बहुतेक ठिकाणी शून्य लिहिलेलं आढळतं. सलग वर्षं शून्य म्हणजे सेवा उत्तम असं नव्हे, तक्रार घेणारी खिडकीच नाही असाही अर्थ होतो. आठव्या तत्त्वाखाली कंपनीनं गावकऱ्यांच्या तक्रारी कशा घेतल्या जातात ते लिहायचं असतं. ‘आमचे अधिकारी समुदायाशी नियमित संवाद साधतात’ एवढंच असेल तर खिडकी रंगवलेली आहे. नाव, हुद्दा, फोन, किती दिवसांत उत्तर आणि वर कुणाकडे जायचं, हे असेल तर खिडकी खरी.

तेव्हा करायचं असं. वासाची किंवा पाण्याची तक्रार कंपनीकडे लेखी द्या, आवक शिक्का घ्या, ईमेलही करा. वर्षअखेर अहवालात शून्यच आलं तर आपल्याकडची पोच ते शून्य खोडून काढते. ज्याच्या नावावर कंपनीचा एक शेअर आहे असा कुणीही वार्षिक सभेत वक्ता म्हणून नाव नोंदवून हा प्रश्न विचारू शकतो. बऱ्याच सभा आता व्हिडिओवर होतात, मुंबई-पुण्याला जायचीही गरज नाही. मात्र नाव सभेच्या काही दिवस आधी द्यावं लागतं. तारीख सभेच्या नोटिशीत असते आणि ती हुकली की वर्षभर थांबा.

सहाव्या तत्त्वात ‘तीव्रता’ नावाचे रकाने असतात, त्यांनी फसू नका. रुपयामागे पाण्याची तीव्रता म्हणजे पाणी भागिले उलाढाल. नुसती मालाची किंमत वाढून उलाढाल ५०० कोटींवरून ६५० कोटींवर गेली, तर पाण्याचा एक थेंब न वाचवता तीव्रता २३ टक्क्यांनी ‘सुधारते’. उत्पादनाच्या टनामागची तीव्रता बघा, ती कंपनीनं दिली असेल तर. कायदा न पाळल्याबद्दल झालेल्या कारवाईचा तक्ताही सहाव्या तत्त्वातच आहे. मंडळानं दिलेल्या नोटिशी माहिती अधिकारात घेऊन त्या तक्त्याशी ताडून पाहाव्यात. पाचपैकी अडीच.

लोगो आणि दत्तक शाळा

‘रिस्पॉन्सिबल केअर’ हा उपक्रम १९८५ मध्ये कॅनडात सुरू झाला, भोपाळनंतर वर्षभरात. आपल्याकडे तो इंडियन केमिकल कौन्सिल चालवते. आतून तो बरा आहे. प्रक्रिया सुरक्षा, वाहतूक, कामगारांचं आरोग्य यांच्या संहिता आहेत, आणि ज्या कारखान्यात तो मनापासून राबवला जातो तिथं गळती झाली की लपवण्याऐवजी नोंद होते. पण लोगोसोबत गावाच्या हातात काही पडत नाही. ऐच्छिक आहे, चांगला आहे, शेजाऱ्याला निरुपयोगी. पुढे चला.

सीएसआरची, म्हणजे कंपनीच्या सक्तीच्या सामाजिक खर्चाची, गोष्ट वेगळी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, स्थानिक भागाला प्राधान्य देऊन. शाळेला बाक, गावाला आरओचं पाणी, हळदीकुंकवाला वाण. वाईट काहीच नाही. पण विहीर खराब करून आरओ मशिन देणं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं झालं. कंपनीनं स्वतःच्या धंद्याच्या ओघात करायचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. ईटीपीची दुरुस्ती किंवा बिघडलेल्या ओढ्याची सफाई कंपनी सीएसआरच्या नावानं दाखवत असेल तर ग्रामसभेत तिथल्या तिथं हटकावं. आणि मशिनच्या नाकारलेल्या पाण्याचं काय करतात तेही विचारा. बहुतेक गावांत ते गटारात जातं.

वासाची तक्रार

प्रदूषण मंडळाची ही सेवा कागदावर चोवीस तासांची आहे, प्रत्यक्षात ऑफिसच्या वेळेची. दोष सगळा मंडळाचा नाही. हिवाळ्यात दौंडच्या सपाटीवर रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची उबदार राहते, आणि कारखान्याचा वाफारा झाकण ठेवल्यासारखा खालीच बसतो. सकाळी नऊला ऊन चढलं की वास वर उडून जातो. अधिकारी अकराला येतो, त्याला काहीच लागत नाही. म्हणून ‘घाण वास येतो’ अशी तक्रार फुकट जाते. कामाची तक्रार अशी असते: तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वारा कुठून कुठं (धुराड्याचा धूर किंवा वाऱ्याची पिशवी बघून), वास कशासारखा, आणि डोळे, घसा, मळमळ यांपैकी काय झालं. कुजलेल्या अंड्याचा म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, बहुधा ईटीपीची टाकी. मासळीचा म्हणजे अमाइन. नेलपॉलिशसारखा म्हणजे विद्रावक, तिथं कंडेन्सरचं थंड पाणी पुरेसं थंड नाही. टोचणारा आंबट म्हणजे आम्लाची वाफ, तिथं स्क्रबरमधला आम्ल मारणारा कॉस्टिक सोडा संपलाय आणि कुणी बदललेला नाही.

दोन-तीन घरांनी महिनाभर अशी वही ठेवली की मग खरी चावी हाती येते. कंपनीचं बॅचचं वेळापत्रक आणि स्क्रबरच्या पीएचची नोंदवही मागवा असं मंडळाला लेखी सुचवायचं. वहीतल्या रात्री आणि बॅचच्या रात्री एकच निघाल्या तर नमुन्याची फारशी गरज उरत नाही.

पाण्याचा नमुना स्वतः घेण्याबद्दल. बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेता येतं, पण जल कायद्याच्या कलम २१ ची पद्धत न पाळलेला नमुना खटल्यात टिकत नाही. ती पद्धत म्हणजे मंडळाचा अधिकारी, कंपनीचा माणूस समोर, नमुन्याचे दोन भाग, सील. तरीही दाब आणायला आपला नमुना चालतो. बाटली बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, उन्हात तापलेल्या बाटलीचा आकडा कमीच येतो. कंपनीच्या फायद्याचा.

जनसुनावणी आणि दंडाचा हिशेब

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस, एक स्थानिक भाषेतलं वर्तमानपत्र, मराठीत सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, पूर्ण चित्रीकरण. गणसंख्येची अट नाही, म्हणजे पाचच माणसं आली तरी सुनावणी ‘पार पडते’. अधिसूचित औद्योगिक वसाहतीतले कितीतरी प्रकल्प यातून सुटत आले आहेत, त्यामुळे एमआयडीसीतल्या शेजाऱ्याला ही सेवा क्वचितच मिळते. मिळालीच तर एक करा: भाषणं झाल्यावर चहाला उठू नका. इतिवृत्ताचा सारांश त्याच दिवशी, तिथंच, मराठीत वाचून दाखवायचा असतो. आपला मुद्दा त्यात आला नाही तर तो बोललाच गेला नाही. तोंडी सांगितलेलं सगळं लेखीही द्या.

शेवटचा दरवाजा म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद, आणि त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच बसतं. हे आपलं नशीब. कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, भरपाईचा कलम १५ खालचा पाच वर्षांत. भरपाई मागायची नसेल तर शुल्क एक हजार रुपये.

दंडाचं गणित मात्र शेजाऱ्यानं समजून घ्यावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात लाल, म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी वर्गाच्या कारखान्याचा निर्देशांक ८०, दर साधारण २५०, मोठ्या उद्योगाला १.५, लहान वस्तीजवळ १. गुणाकार रोजचे ३०,००० रुपये. आता वरचं बाष्पक आठवा. वाफेचा दर टनाला १,८०० धरला तर १४ टनांचे रोज २५,२०० रुपये होतात. म्हणजे प्रामाणिकपणे पाणी आटवायचा नुसता वाफेचा खर्च आणि पकडलं गेल्यावरचा दंड जवळपास बरोबरीत. त्यात दंड फक्त सापडलेल्या दिवसांचा. न सापडलेले दिवस कंपनीच्या खिशात. म्हणूनच वही आणि तारखा एवढ्या महत्त्वाच्या: सूत्रातला दिवसांचा आकडा वाढवणं एवढंच शेजाऱ्याच्या हातात असतं.

आणीबाणीचं पत्रक

सगळ्यात कमी गुण याला, आणि सगळ्यात जास्त गरजही याचीच. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात आलेलं कलम ४१-ब सांगत होतं आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियमही सांगतात की धोका काय आणि काय करायचं हे परिसरातल्या लोकांना कंपनीनं कळवायचं. १९९६ च्या नियमांनी स्थानिक आपत्ती गट नेमले, अध्यक्ष प्रांताधिकारी. या गटानं दर महिन्याला बैठक घ्यायची असते आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण स्वरूपाची रंगीत तालीम. माहिती अधिकारात गेल्या बारा महिन्यांची इतिवृत्तं मागा. बारा यायला हवीत. किती येतात त्यावरून गुण द्या.

पत्रक म्हणून कंपन्या देतात ते बहुधा इंग्रजी सुरक्षा माहितीपत्र, सोळा कलमं, मागं परिशिष्ट. ते अग्निशमन दलाला ठीक. घरासाठी मराठीत एक पान पुरतं. त्यात रसायनाचं नाव आणि ते हवेपेक्षा जड की हलकं हे हवं. क्लोरीन सुमारे अडीच पट जड, तो सखल भागात साचतो, म्हणून वरच्या मजल्यावर जायचं. अमोनिया हलका खरा, पण दाबाखालच्या टाकीतून सुटला की थंड धुकं होऊन आधी जमिनीलगत सरकतो. पळायचं ते वाऱ्याला आडवं, वाऱ्याबरोबर नव्हे. विद्रावकाची गळती असेल तर मोटरसायकलला किक मारायची नाही. घरातच थांबायचं ठरलं तर दारा-खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबा आणि कूलर बंद करा. हे शेवटचं जवळपास कुठल्याच पत्रकात नसतं. दौंड-बारामतीकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो आणि तो बाहेरची हवाच आत ओढतो.

भोंग्याचा कुठला सूर म्हणजे गळती आणि कुठला म्हणजे धोका टळला, हे कारखान्यागणिक बदलतं. शिफ्ट बदलाचा भोंगा आणि गळतीचा भोंगा एकच असेल, तर पत्रक घेऊ नका, सरपंचाच्या सहीनं परत पाठवा.